आंबिलीचा पंप

शिरूर अनंतपाळ
१० नोव्हेंबर २०२५

चि. मल्लिनाथ,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मनात काय आहे ते पुढं कळेलच.

तुझ्या फोनला माझा नंबर लागत नाही. दीपालीला विचारलं तर तुझी ही गुणाची लेक म्हणते, "आत्या, पप्पांच्या दुकानात रेंज नसते." नांदेडच्या भर बाजारात, शेतीच्या औषधांच्या एवढ्या मोठ्या दुकानात रेंज नाही, आणि मला इथं ओढ्यात उभं राहिलं तरी रेंज आहे. बरं. नंबर बंद करता येतो, टपाल बंद करता येत नाही.

काल किशन आला होता. तुझं रान बटईनं करतो म्हणून माणूस तुझा, पण चहा माझ्याकडं पितो. बशीत फुंकर मारत म्हणाला, "बाई, मालक म्हणून राहिले की हरभरा निघाला की जेसीबी लावून मधला बांध सपाट करायचा. तुमाला ठाव असंल की." मला कुठून ठाव असणार? मी फक्त त्या बांधाची निम्मी मालकीण आहे, बाकी कोण लागते?

अप्पांनी जाताना रान निम्मं केलं. वरचं मला, ओढ्याकडचं तुला, आणि मधला बांध दोघांचा. बैलगाडी जाईल एवढा रुंद. त्यावर बोर, तरवड, दोन बाभळी, आणि बोरीखाली आपले चुना लावलेले पाच दगड, पांडव. अख्ख्या मराठवाड्यात भाऊबंद बांधावरून कोर्टात जातात. एक जण दर साली नांगराच्या फाळानं बांध कोरतो, दुसरा त्याच्या सात पिढ्या उद्धरतो. त्यांना निदान बांध लागतो, भांडायला का होईना. तुला तो मुळातच नको. असला शेजारी मी आजवर पाहिला नव्हता, आणि तो माझ्या पाठचा भाऊ निघावा!

यंदा भाद्रपदात आभाळ फाटलं तेव्हा तू नांदेडात होतास. इथं शेजारच्यांची माती खरडून ओढ्यात गेली, खालचा मुरूम उघडा पडला. तुझं रान का राहिलं, विचार किशनला. माझ्या रानातून धावत आलेलं पाणी त्या बांधावरच्या गवतानं धरलं आणि मग हळूहळू तुझ्याकडं सोडलं. ज्यानं तुझी माती राखली त्यालाच तू जेसीबी लावणार. चांगले पांग फेडतोस.

गेल्या येळवसीला, मार्गशीर्षाच्या अमावास्येला, तू रानातल्या भरल्या ताटावरून उठून गेलास. मी काय बोलले होते? बाटल्यांतून विष विकणाऱ्यानं नैवेद्याला बसताना आधी हात धुवावेत, एवढंच. चारचौघांत बोलले हे खरं. पण हात तू धुतले नव्हतेस हेही खरं.

बांधाला हात लावायच्या आधी मला तोंड दाखव.

तुझी आक्का,
शरणम्मा

*

२७ नोव्हेंबर २०२५

चि. मल्लिनाथ,

तुझं उत्तर पोचलं. पत्राला पत्रानं उत्तर द्यायचं तर किशनच्या मोबाईलवर आवाज भरून पाठवलास. मी आणि तुझे दाजी ओसरीवर बसून ऐकलं. "आक्काला म्हणावं, बांध म्हंजी तणाचं गोदाम हाय. उंदीर हायत, साप हायत. आन् आता ड्रोननं फवारायचे दिवस आले, त्याला सलग रान लागतंय. आपलं रान गिऱ्हाइकाला दाखवायला ठिवायचंय. बोर मधी येती."

बोर मधी येती! अप्पांच्या जन्माआधीपासून ती तिथंच उभी आहे रे. मधे आलाय तो तुझा ड्रोन.

आणि तण म्हणजे काय ते एकदा सांग. अव्वानं त्या बांधावरून आयुष्यभर ओटा भरून आणला. पाथरी, घोळ, चाकवत, तांदुळजा. येळवसीच्या भज्जीत तुरीचे दाणे, वाटाणा, हरभरा हे रानातलं, पण चव यायची ती बांधावरच्या पाल्याची. घरातल्या कुणीही त्याला तण म्हटलं नाही. तुझ्या दुकानातल्या एका बाटलीवर मी त्याच पाथरीचं चित्र पाहिलं, आणि चित्रावर लाल फुली. अव्वाच्या भाजीवर फुली मारून तू ती बाटली काचेच्या कपाटात मांडतोस आणि वर उदबत्ती ओवाळतोस.

गेल्या साली भज्जी तुला पाणचट लागली होती. बोलला नाहीस, पण तुझं तोंड मला कळतं. आता सांगते, निम्मी भाजी लातूरच्या बाजारातली होती. किशननं तुझ्या सोयाबीनवर फवारलं आणि वाऱ्यानं ते बांधावर आलं. तुझ्या बाजूचा सगळा पाला गेला. येळवसीचा पाला विकत आणणारी आपल्या घरातली पहिली बाई मी. बाजारात पिशवी धरून उभी होते तेव्हा पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता.

उंदरांचं म्हणशील तर बांधावर धामण होती तोवर उंदीर आटोक्यात होते. धामण किशनच्या माणसांनी काठीनं मारली, उंदीर मात्र तुझ्याकडं सुखात आहेत. माझ्या तुरीला यंदा फूल भरून आलं आणि शेंग बेताची लागली. माशीच नाही. त्या बोरीवर लहान मधमाशीचं एक पोळं उरलंय, त्याच्याकडं मी रोज बघून येते. तुझे दाजी मला हसतात. म्हणतात, "पोळ्याची चौकशी करून आलीस, आता माझी कर." हसू देत.

थंडीचं तर नावच नाही. मार्गशीर्ष लागला, अजून घोंगडी पेटीतच आहे. बोरं पिकतील पण गोडी धरतील का, शंका आहे. पाऊस दिवाळीनंतरही पडतो आणि थंडी पत्ता विसरते, हे तूच दुकानात येणाऱ्यांना सांगत असशील आणि त्यावर एक नवं औषधही देत असशील.

येळवस एकोणीस तारखेला आहे. ये. पांडवांसमोर उभा राहून सांग की हा बांध नको. त्यांच्यासमोर सांगता आलं तर पाड.

शरणम्मा

*

१४ डिसेंबर २०२५

चि. मल्लिनाथ,

दीपालीचा फोन आला. तू येतोयस म्हणाली. ये बापडा. मी काही विशेष करणार नाही, जे दर साली होतं तेच. बाजरीचे उंडे, भज्जी, खीर, आंबील, तिळाच्या पोळ्या. शेंगदाण्याची पोळी तुला आवडते म्हणून नाही, दाजींना आवडते म्हणून करते आहे.

पांडवांवर कोपीचं छप्पर घालायला कडबा नव्हता. अख्ख्या शिवारात खरिपाला सोयाबीन आणि त्यावर हरभरा, ज्वारी कुणी पेरत नाही. येळवसीला पांडवांवर कोप घालायची ती ज्वारीच्या धाटांची, आणि धाटं आणायची कुठून? गेल्या साली काही जणांनी साड्या आणि ताडपत्री बांधून पांडव झाकले. मला ते बघवलं नाही. म्हणून यंदा बांधाच्या कडेनं ज्वारीचा एक पट्टा पेरला होता.

तर गंमत ऐक. शिवारात ज्वारी एवढीच, म्हणून शिवारातली सगळी पाखरं माझ्याकडं. भोरड्यांचे थवे उतरतात, चिमण्या, होले, आणि नाव माहीत नसलेलं एक बारकं लालसर पाखरू. कणसांत दुधाळ दाणा धरला तोच सगळा टिपला. पहिल्या दिवशी मी गोफण घेऊन गेले आणि दगड न मारताच परत आले. संताप माझ्या दाण्यांचा नाही, संताप याचा आहे की त्यांना बसायला या एवढ्या मोठ्या शिवारात माझा हातभर पट्टा उरावा. दाजी म्हणाले, "शरणव्वा, गावजेवण घातलंस की." हो, घातलं. धाटं राहिली, कोपीला पुरतील.

बांधावर पाला चांगला आलाय. तुझ्या बाजूलाही पुन्हा फुटलाय. किशनला बजावलंय की ओढ्याकाठच्या तुझ्या गव्हावर फवारशील तेव्हा वारा बघ. "हाव बाई, वारा बघूनच मारून राहिलो," म्हणाला.

स्वेटर आण म्हणणार होते, पण नको.

आक्का

*

२१ डिसेंबर २०२५

मल्लू,

तुम्ही गेल्यावर घर मोकळं मोकळं वाटतंय. तू जाताना नंबर चालू केलास तरी मी पत्रच लिहिणार, सवय लागली आता.

दोनदा भज्जी मागून घेतलीस ते मी मोजलं नाही, पण पाहिलं. हातही धुतलेस, न सांगता. कोपीपुढं बसून तू अव्वासारखं बोटानं आंबील चाखलीस तेव्हा मला जरा कसंतरी झालं आणि मी चूल बघायला उठले. धूर नव्हता. उगीच सांगितलं धूर गेला म्हणून.

आता चर शिंपण्याचं. अप्पा आंबिलीची चरवी काखेला मारून, लिंबाचा डहाळा बुडवून, "ओलग्या ओलग्या" म्हणत अख्ख्या रानाच्या कडेनं फिरायचे. रानाला जेवू घालायचं ते असं, पायानं आणि हातानं. तू म्हणालास, "आक्का, गुडघं धरल्यात गं. किशनचा बॅटरीचा पंप हाय की." मग आंबील फडक्यानं गाळली, नाहीतर नोझल तुंबतं म्हणे, आणि वर पाणी घालून टाकी भरली. किशननं पंप पाठीला अडकवला, तू पुढं हात हलवत "ओलग्या ओलग्या", मागं दीपाली मोबाईलवर चित्र काढत. वरचं रान झालं, खालचं झालं, बांधाच्या दोन्ही कडा झाल्या. बोरीच्या बुडाला तर किशननं भक्तीनं जरा जास्तच मारलं.

मी बोलायला हवं होतं. पण एका सालानं तू आला होतास, सगळे पोट धरून हसत होते, मीही हसले. रागावायचा दिवस नव्हता तो.

बांधाचं विचारलं तर "उन्हाळ्यात बघू" म्हणालास. पांडवांसमोर "नको" म्हणाला नाहीस हे माझ्या ध्यानात आहे.

बोरं पाठवते किशनबरोबर. आंबट आहेत.

आक्का

*

२९ डिसेंबर २०२५

मल्लिनाथ,

फोनवर बोलता बोलता माझा आवाज चढला म्हणून तू फोन ठेवलास. आता बसून वाच. कागदाचा आवाज चढत नाही.

येळवसीनंतर चौथ्या दिवशी कडेच्या हरभऱ्याचे शेंडे पिळवटले. मला वाटलं पाणी कमी पडलं. मग पानं आत वळली, देठं वाकडी झाली, तुरीचे कोवळे शेंडे माना मोडल्यासारखे लोंबले. आज रानाच्या वरच्या अंगाला उभी राहिले तर सगळं दिसलं. मधे पीक हिरवं, आणि कडेनं, जिथं जिथं चर शिंपली तिथं तिथं, वाळलेला पिवळा पट्टा. माझ्या रानाला आणि तुझ्या रानालाही. बांधावरची पाथरी, चाकवत, घोळ, काही म्हणता काही नाही. बोरीच्या खालच्या फांद्यांची पानं गळली. फूलच उरलं नाही, मग माशी कशाला राहील? पोळं रिकामं लटकतंय.

किशनला बोलावलं. आधी म्हणाला, "थंडीनं झालं आसंल." कुठली थंडी? मग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बोलला, "बाई, त्याच पंपानं आठ दिस आधी गव्हातलं तण मारलं हुतं. रुंद पानाचं. मालकाच्याच दुकानातलं. पर म्या पंप धुतला हुता की वो, एकडाव." एक डाव! हरभऱ्याला त्या औषधाचा नुसता वास पुरतो, हे बाटलीवर छापलंय. तूच विकतोस, तूच सांगतोस गिऱ्हाइकाला, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा म्हणून. आणि आपल्या देवाला मात्र त्याच पंपानं जेवू घातलंस.

गावात लोक म्हणताहेत, पांडवांचा कोप झाला. मी म्हटलं, कोप आम्हीच घातली होती त्यांच्यावर, कडब्याची. ते कोपले नाहीत, त्यांना आपण पाजलं. रानाला जेवण म्हणून विष वाढलं, वर ओलग्या ओलग्या म्हणून नाचलो. गावात कुणाच्या बापानं अशी चूक केली नसेल. ती करायला औषधाचं दुकान असलेला भाऊ आणि त्याच्यापुढं जीभ आवरून बसलेली बहीण लागते.

दीपालीनं ते पंपाचं चित्र मोबाईलवर सगळ्या जगाला दाखवलंय. लोक खाली लिहिताहेत, पुढच्या साली आम्हीही असंच करणार. तिला म्हणावं, उतरव ते आजच्या आज.

माझा पिकाचा राग नाही. हरभरा पुढच्या साली पेरता येतो. बांधावरचं कुणी पेरलं नव्हतं, ते आपणहून राहायला आलं होतं. आपणहून आलेल्याला हाकललं की ते परत कसं बोलवायचं, हे मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर कळव.

शरणम्मा

*

१२ जानेवारी २०२६

मल्लिनाथ,

किशनकडून तुझा निरोप आला. मी त्याला तीनदा म्हणायला लावला, कारण माझा कानांवर विश्वास बसेना.

"कडचा हरभरा तर गेलाच हाय. बांधबी जळालाच. मग आता उन्हाळ्याची वाट कशाला? याच महिन्यात जेसीबी लावून उरकून घेऊ."

वा! घराला आपणच आग लावायची आणि मग म्हणायचं, जळालंच आहे तर जागा मोकळी करू. पंप धुवायला तुम्हाला पाणी मिळालं नाही, जेसीबी बोलवायला मात्र लगेच वेळ मिळाला. मी असं ऐकलं होतं की माणूस चुकला की जरा मान खाली घालतो. तू चुकलास आणि त्यात तुझं काम सोपं झालं!

बोर मेलेली नाही. वरच्या फांद्यांना पानं आहेत. मी दुपारी जाऊन बुडाला पाणी घालते आहे. मुळं जिवंत असली तर बाकीचंही परतेल, एक पाऊस, दोन पाऊस, पण परतेल. त्याला फक्त जागा राहू दे. मी तुझ्याकडं दुसरं काही मागत नाही. रान घे, पीक घे, ड्रोन उडव, विमान उडव. तो बांध राहू दे.

हे मी एकदाच म्हणणार आहे, कारण म्हणायची सवय नाही. मल्लू, पाया पडते. तू धाकटा असलास तरी पडते.

आक्का

*

२४ जानेवारी २०२६

मल्लिनाथ,

काल तू गाडीतून उतरला नाहीस. काचही खाली केली नाहीस. मी बाहेरून काय बोलत होते ते तुला ऐकू आलं नसेल म्हणून लिहून पाठवते.

मी म्हणत होते, निम्मा बांध तुझा आहे हे मला मान्य आहे. पण पाण्याला निम्मं कळत नाही. मुळांना कळत नाही. बांधातल्या बिळात मुंगसाची पिलं होती, बिळाचं तोंड माझ्या बाजूला आणि पोट तुझ्या बाजूला. त्यांनी कुणाच्या नावचा सातबारा बघायचा?

जेसीबीवाला भला माणूस होता. आधी उतरून पांडवांना नारळ फोडला. मला म्हणाला, "मावशी, देवाला हात लावनार न्हाई म्या. तेवढं सोडून बाकीचं काढतो." आणि काढलं. दगडांच्या अलीकडून बांध उभा कापला. बोरीची तुझ्याकडची मुळं पांढरी उघडी पडली, दोरखंडं तोडल्यासारखी. बाभळी गेल्या. मुंगूस एकदाच दिसलं, पळताना, एकटंच. पाच दगड तेवढे जिथल्या तिथं, चुना लावलेले, नारळाचं पाणी अजून ओलं.

दगडाला भ्याला रे तो! जिथं जीव होता त्याला भ्याला नाही. आणि त्याला तरी काय बोलू? आपण तरी वर्षातून एकदा कुणाला हात जोडतो? दगडांनाच ना. आजूबाजूचं सगळं त्यांच्या जिवावर जगत होतं असं नाही, ते दगड त्या सगळ्यांच्या सावलीत बसले होते.

तुझे दाजी आयुष्यात कुणावर ओरडले नाहीत. काल तुझ्या गाडीच्या काचेवर हात मारून म्हणाले, "मल्लिनाथ, खाली उतर, बहीण रडून राहिली." तू गाडी मागं घेतलीस.

आता तुझं रान सलग झालं. उडव.

शरणम्मा

*

८ मार्च २०२६

चि. मल्लिनाथ,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहावं असं काही चांगलं नव्हतं, आणि वाईट तुला लिहून झालं होतं. आता एक कळवायचं आहे.

बोर वाकली पण पडली नाही. माझ्या बाजूचा निम्मा बांध आहे. तुझ्या बाजूनं तो कडा तुटल्यासारखा उभा आहे, पहिल्या मोठ्या पावसात ढासळेल आणि माझी माती तुझ्याकडून ओढ्यात जाईल, तुझी तिच्या आधी. म्हणून मी एक केलं. माझा हरभरा निघाला. बांधाकडचा तुझ्या पंपानं जाळलेला पट्टा मी पुन्हा नांगरू दिला नाही. तिथं मातीचा वरंबा घातला आणि तो बांधाला जोडला. बांध पुन्हा बैलगाडीएवढा रुंद झाला, फक्त आता सगळा माझ्या रानात.

गावात हसताहेत. पारावर कुणी म्हणालं, "आजवर दुसऱ्याच्यात शिरून बांध कोरनारे बघितले. स्वतःच्याच रानात शिरनारी ही पयलीच." दाजींनी घरी येऊन सांगितलं आणि आम्ही दोघंही हसलो. खरं तेच आहे. बांध कोरणारे पुष्कळ झाले, पेरणारी मी एकटी.

पण पेरायचं काय? गवत येईल आपलं आपण. तरवडाच्या शेंगा मी रस्त्याच्या कडेनं गोळा केल्या. पाथरीचं बी कुठंच मिळेना. ज्याच्या त्याच्या रानात फवारलेलं. शेवटी दाजी कामाला नांदेडला आले होते तेव्हा त्यांना मुद्दाम तुझ्या दुकानात पाठवलं. तू नव्हतास. तुझा माणूस म्हणाला, "पाथरीचं बी? काका, पाथरी मारायचं औषध हाय, कितीबी न्या. बी कशाला पायजे?"

तर ऐक. ज्याला मारायच्या तुझ्याकडं एवढ्या बाटल्या आहेत, त्याचं चिमूटभर बी तुझ्याकडं नाही. एवढं मोठं दुकान, आणि भज्जीच्या एका पाल्यापुढं भिकारी.

शिवरात्रीला दीपाली आली होती. तुला सांगून आली की न सांगता, ते मी विचारलं नाही. ते चित्र तिनं उतरवलं, आणि त्या जागी वाळलेल्या कडेचं टाकलं. मी तिला घेऊन अव्वाच्या समाधीला गेले. आपल्या लोकांचं स्मशान म्हणजे गावाबाहेरची ती पडीक जागा, कुणाचं पीक नाही, म्हणून कुणी तिथं फवारत नाही. अव्वाच्या समाधीच्या कडेनं पाथरी आली होती. दाट. पिवळी फुलं होऊन गेलेली, बियांच्या कापसासारख्या म्हाताऱ्या धरलेल्या. दीपालीनं ओढणी पसरली आणि मी बी झटकून घेतलं. ती पोर विचारत होती, "आत्या, आज्जीला चालेल ना?" मी म्हटलं, तिनंच ठेवलंय.

सगळं बी नव्या बांधावर टाकलं. पाऊस पडला की कळेल.

पुढच्या येळवसीला ये. तुझ्या बाजूनं यायला आता वाट नाही, माझ्या बाजूनं यावं लागेल. भज्जीत पाथरी असलीच तर ती अव्वाकडची असेल, हात धुवून बस. चर मी शिंपणार आहे, चरवी घेऊन, सगळ्या कडेनं, तुझ्याही रानाच्या. गुडघे माझेही दुखतात.

पंप आणू नकोस.

आक्का